हाफ इंजिन

गेल्या वर्षी चवथ आटोपली, पाऊस थोडा ओसरला आणि मी पडवीतली बाबांची बुलेट बाहेर काढली. चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी. पेट्रोलचा कॉक उघडला, चावी फिरवली, अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबली, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवला आणि मग पाय उचलला. ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना हा विधी सांगायला नको. एरवी यानंतर किक अशी काही अडून बसते की अंगाचे सगळे वजन घालावे लागते. त्या दिवशी मात्र वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखी ती निमूट खाली गेली. बऱ्याच खटपटीनंतर गाडी सुरू झाली, पण सायलेन्सरमधून असा निळा धूर आला की अंगणातली तुळस दिसेना.

डिचोलीच्या मेस्त्रीकडे गाडी नेली. हा मेस्त्री माझ्याच वयाचा. बाबांची गाडी ज्यांच्या हाताखालून गेली त्या थोरल्या मेस्त्रींचा मुलगा. त्याने प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल आत सोडले आणि प्लग लावून पुन्हा किक दाबून पाहिली. आता किकला थोडा जोर लागला. ही साधी परीक्षा आहे. ऑइल रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधली फट घटकाभर बुजवते. त्यामुळे दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा भिंतीचा. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्हचा.

"हाफ इंजिन करचें पडटलें," मेस्त्री म्हणाला.

आपल्याकडच्या सगळ्या गॅरेजांत चालणारा हा शब्द मला फार आवडतो. इंजिनाचा वरचा अर्धा भाग, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा उघडून दुरुस्त करायच्या आणि खालचा क्रँक, बेअरिंगे यांना हात लावायचा नाही, ते 'हाफ इंजिन'. सगळेच उघडले तर 'फुल'. हाफ इंजिनासाठी बुलेटचे इंजिन गाडीतून खाली उतरवावेदेखील लागत नाही.

इतिहासावरच्या लिखाणात गॅरेज कुठून आले, असे वाचकांना वाटेल. आपण मंडळी इतिहास म्हटले की ताम्रपट, शिलालेख, दप्तरखान्यातले कागद आणि देवळांच्या जमाखर्चाच्या वह्या यांच्याकडे धावतो. मीही तेच करत आलो. पण या दुरुस्तीत माझ्यासमोर दोन साधने आली, एक बाबांची वही आणि दुसरा बिडाचा सिलिंडर, आणि दोघांचे म्हणणे एकमेकांशी जुळेना. त्याचीच ही हकिकत.

आधी या यंत्राची थोडी कुळकथा सांगतो.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच नावाचे गाव आहे. एकेकाळी ते शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध होते. तिथला सुया बनवणारा एक कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलींकडे वळला, पुढे एनफील्ड येथील सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवू लागला आणि त्यावरून त्याच्या मालाला नाव मिळाले. १९०१ साली त्यांची पहिली मोटरसायकल निघाली. 'बुलेट' हे नाव १९३०च्या दशकाच्या आरंभीचे. मात्र आपण जिला बुलेट म्हणतो ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८-४९मध्ये आलेल्या नव्या आराखड्याची संतती. एक उभा सिलिंडर, त्याचा आतला व्यास ७० मि.मी., पिस्टनची धाव ९० मि.मी. आणि घनफळ ३४६ सी.सी. सिलिंडर बिडाचा, वरचे हेड ॲल्युमिनियमचे.

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याला सरहद्दीवर फिरण्यासाठी अशा गाड्या हव्या होत्या. मद्रासच्या 'मद्रास मोटर्स'मार्फत त्या येऊ लागल्या. १९५५ साली रेडिचच्या कंपनीच्या भागीदारीत 'एनफील्ड इंडिया' स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्रियूरला कारखाना निघाला. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले सुटे भाग इथे जोडत; हळूहळू भागही इथेच बनू लागले. तिकडे इंग्लंडात नवी मॉडेले आली आणि गेली, जपानी गाड्यांपुढे धंदा बसला आणि १९७०मध्ये तिथले उत्पादन थांबले. इकडे मद्रासला मात्र पन्नासच्या दशकातला तोच आराखडा चालू राहिला. इतका की १९७७पासून मद्रासच्या बुलेट इंग्लंडात निर्यात होऊ लागल्या. माहेर बंद पडले आणि सासरची मंडळी माहेरी आहेर घेऊन गेली, असा तो प्रकार!

यात कौतुक करण्याजोगे फार काही नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परवान्यांच्या त्या काळात गिऱ्हाइकाला निवड नव्हती. मोठी मोटरसायकल घ्यायची तर मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा, नाहीतर एस्कॉर्ट्सची राजदूत. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोवाही याच बाजारपेठेत आला. स्पर्धा नाही म्हणून बदल नाही, इतके ते सरळ होते. पण त्या न बदलण्याचा एक परिणाम कोणी योजला नव्हता. एकच इंजिन पन्नास वर्षे चालल्यामुळे ते उघडणारे हात तयार झाले. बापाने शिकलेले मुलाच्या उपयोगी पडले, कारण मुलासमोर येणारे इंजिनही तेच होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या गाडीला नव्वदीतला पिस्टन चालत असे. डिचोलीसारख्या गावातला माणूस छापील पुस्तकाशिवाय या कामात पारंगत झाला तो असा.

१९९४मध्ये कंपनी आयशर समूहाकडे गेली. २००८नंतर नवे इंजिन आले आणि बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन २०१०च्या सुमारास बंद झाले. गंमत म्हणजे त्या नव्या इंजिनातही व्यास ७० आणि धाव ९० हेच माप कायम होते. २०२३च्या बुलेटमध्ये ते ७२ आणि ८५.८ झाले, घनफळ ३४९. म्हणजे रेडिचमधले माप बुलेटमध्ये सुमारे पंच्याहत्तर वर्षे टिकले.

आता आमच्या गाडीकडे वळतो. बाबांनी ती १९७६ साली बेळगावहून आणली. नंबर जुना, 'जीडी'ने सुरू होणारा. गियर उजव्या पायात, एक वर आणि तीन खाली. ब्रेक डाव्या पायात. बाबा तेव्हा डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होते. गाडी आणली त्या दिवसापासून त्यांनी तिची वही ठेवली. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी लांबट खतावणी. ऑइल कधी बदलले, टायर कधी घातला, क्लचची तार कुठे तुटली, सगळे त्यांच्या टपोऱ्या मास्तरी अक्षरात. हाफ इंजिनाच्या नोंदी दोनच आहेत. ऑगस्ट १९८६: 'बोअर २०. पिस्टन, रिंगा नवीन. व्हॉल्व्ह घासले.' आणि फेब्रुवारी २००३: 'बोअर ४०. पिस्टन, रिंगा, गाइड नवीन.'

हे वीस आणि चाळीस काय? सिलिंडर झिजला की त्याचे भोक यंत्रावर थोडे मोठे करून पुन्हा गुळगुळीत गोल करतात आणि तितकाच मोठा पिस्टन घालतात. हे वाढीव माप इंचाच्या हजारांशात मोजतात. वीस म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर, चाळीस म्हणजे सुमारे एक. सत्तरचे भोक वीसच्या बोअरनंतर साडेसत्तर होते. वहीच्या कोपऱ्यात बाबांनी गणित करून ठेवले आहे: ३४६ची गाडी वीसला ३५१ सी.सी. होते आणि चाळीसला ३५६. नावापुरती '३५०' असलेली गाडी दुरुस्तीनंतरच खरी साडेतीनशेची झाली, असा शेरा त्यांनी मारला आहे. पण हे कितीही वेळा करता येत नाही. भिंत पातळ होत जाते, आणि आमच्या मेस्त्रीच्या घराण्यात चाळीसच्या पुढे जायचे नाही असा नेम.

१९८६चे हाफ इंजिन मला आठवते. ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बाबांची तोवर पणजीला बदली झाली होती, त्यामुळे रोज बेतीला फेरीबोट गाठावी लागे. मी तेव्हा दहा वर्षांचा. एका शनिवारी त्यांच्यामागे बसून पणजीला गेलो होतो. ओहोटीची वेळ, उताराची जागा चढून वर यायचे होते, आणि बुलेट निम्म्यावरच दमली. बाबांनी मला उतरायला सांगितले. मागून गाड्यांचे हॉर्न, पुढे आमचा निळा धूर आणि त्यात मी चालतो आहे. शिक्षकाच्या मुलाला सगळ्या गावासमोर फजिती झाल्यासारखे वाटले. त्यानंतर पंधरवड्यात गाडी थोरल्या मेस्त्रींकडे गेली.

पिस्टन दहा वर्षांत इतका कसा झिजला, हे तेव्हा कळले नव्हते. या वेळी सिलिंडर हातात आला तेव्हा कळले.

मेस्त्रीने टाकी उतरवली, कार्बुरेटर आणि सायलेन्सरचा पाइप काढला. रॉकरला ऑइल पुरवणाऱ्या बाहेरच्या नळ्या सोडवल्या. रॉकरचे दोन डबे, मग पुशरॉड. हे रॉड काढताना त्याने पुठ्ठ्याला दोन भोके पाडून त्यात उभे केले, इनटेकचा इकडे, एक्झॉस्टचा तिकडे. ज्याचा त्याने आपल्या जागी परत जायचे. मग हेडचे नट, तेही एकदम नव्हे. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत, नाहीतर हेड वाकते. हेड निघाले आणि खाली पिस्टनचा माथा दिसला. काजळीने काळा. मेस्त्रीने रॉकेलच्या फडक्याने तो पुसला आणि ठोकलेला आकडा वर आला: ०४०. बाबांच्या वहीतली नोंद खरी ठरली.

सिलिंडर वर उचलताना त्याने खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले. पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी निसटून खाली क्रँकमध्ये पडली तर हाफचे फुल इंजिन होते, म्हणून ही काळजी. मग सिलिंडर उजेडात धरून त्याने मला आत बोट फिरवायला सांगितले. वरच्या काठाच्या थोडे खाली बोटाला एक पायरी लागली. मोजपट्टीने पाहिले तर खालच्या भागापेक्षा त्या जागी व्यास पाव मिलिमीटरने जास्त.

सिलिंडर वरच्या बाजूलाच जास्त का झिजतो, याचे कारण सोपे आहे. पिस्टन वर पोचून क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. चालत्या रिंगेखाली ऑइलचा पातळ पडदा टिकतो, थांबलेल्या रिंगेखाली तो तुटतो. त्याच वेळी पेट्रोल पेटते, उष्णता सर्वांत जास्त असते आणि स्फोटाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर घट्ट दाबतो. त्यात धूळ असेल तर पॉलिश पेपरच झाला. आणि डिचोलीची धूळ साधी नव्हे. खाणींवरून लोहखनिज भरलेले ट्रक नदीकाठच्या धक्क्यांवर जात आणि तिथून बार्जमधून मुरगाव बंदरात. त्या रस्त्यांवर उन्हाळ्यात झाडांची पानेसुद्धा तांबडी असत. ती कठीण धूळ एअर फिल्टरच्या चुकार फटींतून आत जाई आणि ऑइलमध्ये मिसळून भिंत घाशी. १९७६ ते ८६ ही दहा वर्षे बाबा तिथून शाळेला गेले. २००३नंतर गाडी माझ्याकडे आली. तो तर चीनच्या मागणीचा काळ. रस्त्यावर ट्रकांची रांग संपत नसे. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले तेव्हा रस्ते एकाएकी मोकळे झाले. कितीतरी घरांची चूल त्या दिवसांत थंडावली, हेही खरेच. आमच्या सिलिंडरमधली पायरी ही त्या तेजीच्या वर्षांची आहे. खाणकामाचे टनांचे आकडे सरकारी अहवालांत मिळतील. ती धूळ माणसाच्या आणि यंत्राच्या पोटात किती गेली, ते अशाच ठिकाणी पाहावे लागते.

इथपर्यंत वही आणि सिलिंडर यांचे एकमत होते.

मग मेस्त्रीने सिलिंडर फिरवून मागची बाजू उजेडाला धरली आणि विचारले, "हें कोणें केलें?"

भिंतीवर उभे चार ओरखडे. कडा घासून बोथट केलेल्या, पण नखाला स्पष्ट लागणारे. धुळीने असे ओरखडे पडत नाहीत. हे पिस्टन चिकटल्याचे चिन्ह. कोणी केले, ते मला ठाऊक होते.

फेब्रुवारी २००३मध्ये चाळीसचा बोअर झाला तेव्हा थोरल्या मेस्त्रींनी मला बजावले होते की पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवायची, मागे कोणी बसवायचे नाही आणि घाट चढवायचा नाही. नव्या पिस्टनला सिलिंडरमध्ये केसाएवढीच मोकळीक असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. रिंगा आणि भिंत एकमेकांना घासून बसेपर्यंत उष्णताही जास्त होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मार्चमध्ये बेळगावला मित्राचे लग्न होते. बाबांना विचारून गाडी घेतली, पण मागे मित्राला बसवणार हे सांगितले नाही. मोलेच्या पुढे अनमोडचा घाट, दुपारचे ऊन, आणि पुढच्या ट्रकला मागे टाकायची घाई. एका वळणावर इंजिन कण्हल्यासारखा आवाज करत अडकले आणि मागचे चाक फरफटले. क्लच दाबला म्हणून वाचलो. डाव्या हाताला दरी होती. अर्धा तास सावलीत उभे राहिलो, इंजिन निवले, किक हलली, आणि आम्ही मुकाट्याने उतारावरून मागे फिरलो.

घरी मी इतकेच सांगितले की घाटात ऊन फार होते, गाडी तापली. मित्राचा उल्लेख नाही, ट्रकचा नाही, चाक अडकल्याचा नाही. बाबांच्या वहीत नोंद आहे: 'मार्च २००३. अनमोड घाट. ऊन फार. गाडी तापली. मेस्त्रींकडे दोन दिवस.' माझेच खोटे, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. एकवीस-बावीस वर्षे मी ती वही चाळत होतो आणि ते पान भरभर उलटत होतो.

मेस्त्रीला खरे ते सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "म्हणून बाबांनी पॉलिश केलंय हे." त्याचे बाबा, म्हणजे थोरले मेस्त्री. ते आता नाहीत.

पुढे काय करायचे, हा प्रश्न होता. चाळीसच्या पुढे बोअर नाही. पहिला मार्ग म्हणजे बाजारातून नवा सिलिंडर आणि पिस्टन आणून दुसऱ्या दिवशी गाडी चालू करायची. दुसरा मार्ग स्लीव्हचा. जुना सिलिंडर आतून आणखी मोठा कातायचा, तो तापवून त्यात बिडाची नवी नळी दाबून बसवायची आणि त्या नळीला मूळ मापाचे, सत्तरचे भोक पाडायचे. बाहेरून सिलिंडर तोच, आतून पुन्हा स्टँडर्ड. मला पहिला मार्ग बरा वाटला, पण कारण वेगळे. नवा सिलिंडर गाडीत घालायचा आणि जुना, पायरी आणि ओरखड्यांसकट, पुसून कपाटात ठेवायचा. साधन जपायचे, ही आमची सवय. कातकामात तर सगळा पुरावाच जाणार होता.

त्या रात्री बाबांना विचारले. ते आता ऐंशी ओलांडून गेलेत, नजर अधू झाली आहे, गाडीवर बसत नाहीत; पण सकाळी मी गाडी सुरू केली की पडवीत येऊन आवाज ऐकतात.

"जुना सिलिंडर कपाटात ठेवून काय करणार?" ते म्हणाले. "त्याचं काम गाडीत आहे. स्लीव्ह मार."

मग धीर करून मी २००३चे सांगितले. मित्र, ट्रक, चाक, दरी, सगळे. ते ऐकत राहिले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "मेस्त्रींनी त्याच दिवशी सांगितलं होतं. पिस्टन दाखवला होता मला."

"मग वहीत तसं का लिहिलंत?"

"वही तुझी आई वाचायची."

आई जाऊन आता नऊ वर्षे झाली. गाडीची वही ती वाचत असे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले. महिन्याचा खर्च जुळवायला ती त्यातले आकडे काढत असे म्हणे. मुलगा दरीच्या काठावरून परत आला हे तिला कळू नये म्हणून एका सत्यवचनी मास्तरांनी आपल्या वहीत माझे खोटे उतरवून घेतले होते, आणि मी इतकी वर्षे समजत होतो की मी त्यांना फसवले.

जुने कागद वाचताना आपण नेहमी विचारतो की लिहिणारा कोण होता. वाचणारा कोण असणार होता, हा प्रश्न मी तितक्या आवर्जून विचारला नव्हता. कोणतीही नोंद कोणीतरी वाचील हे धरूनच केलेली असते. सिलिंडरच्या भिंतीला वाचणारा ठाऊक नसतो. पण म्हणून सिलिंडर खरा आणि वही खोटी, असेही म्हणता येत नाही. अनमोडच्या घाटात काय झाले ते सिलिंडरने सांगितले. त्यानंतर आमच्या घरात काय झाले, ते मात्र वहीतल्या त्या चुकीच्या नोंदीनेच सांगितले.

सिलिंडर म्हापशाच्या बोअरिंगवाल्याकडे नेला. कातायच्या आधी मी प्रत्येक पातळीवरचे माप लिहून घेतले, ओरखडे कागदावर काढले, लांबी मोजली. बीड कातताना पोलादासारखी लांब गुंडाळी निघत नाही. काळी, भुरभुरीत पूड पडते, हाताला काजळासारखी लागते. बघता बघता पायरी गेली, ओरखडे गेले. स्लीव्ह बसली, सत्तरचे भोक पडले, होनिंगच्या दगडाने भिंतीवर बारीक आडव्यातिडव्या रेघा उठल्या. ऑइल धरून ठेवायला या रेघा लागतात. काचेसारखी गुळगुळीत भिंत रिंगांना मानवत नाही.

बाकीचे काम दोन दिवसांचे. मेस्त्रीने व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, हेड उलटे करून भोकांत पेट्रोल ओतले आणि थेंबभरही झिरपत नाही हे पाहिले. प्रत्येक रिंग नुसती सिलिंडरमध्ये घालून तिच्या टोकांमधली फट मोजली, ती ०.३ मि.मी.च्या आसपास हवी. त्याहून कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. पिनेच्या कड्या नव्या घातल्या. हेडचे नट पुन्हा समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळले. शेवटी पुशरॉड बोटांनी फिरवून पाहिले. थंड इंजिनात ते बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. इंजिन सुरू झाल्यावर रॉकरच्या नळीचा बोल्ट सैल करून वर ऑइल पोचते आहे याचीही खात्री केली.

बाबांच्या सांगण्यावरून वहीत नवी नोंद मी केली. 'स्लीव्ह. बोअर स्टँडर्ड. पिस्टन, रिंगा नवीन.' खाली मापे. आणि त्याखाली मार्च २००३ची खरी हकिकत, तारखेसह. जुनी नोंद खोडलेली नाही. तिच्याशेजारी या पानाचा आकडा तेवढा घातला आहे. पुढे कोणी ही वही उघडली तर त्याला दोन्ही मिळतील.

गाडी आता पुन्हा ३४६ सी.सी.ची आहे, आरसी बुकात लिहिली आहे तशीच. हजारपैकी साडेचारशे किलोमीटर झाले. डिचोली ते साखळी, साखळी ते डिचोली, पन्नासच्या आत, मागे कोणी नाही. बेळगावला जायचे आहे, पण घाट एवढ्यात नाही.